आत्याबाईंचं टाळीचं वाक्य

मुलुंडच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेने एक जुनं कौटुंबिक नाटक करायला घेतलं आणि त्यातली आत्याबाई माझ्या वाट्याला आली. भावाच्या घरी राहणारी, तोंडाची तिखट विधवा बाई. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सुनेवर चोरीचा आळ येतो, घरातले तिला निघून जायला सांगतात, ती दाराशी पोचते आणि मागून आत्याबाई म्हणते, "जेवून जा."

आजवर हे वाक्य कमरेवर हात ठेवून, टोमण्यासारखंच फेकलं गेलं होतं. त्यावर हशा आणि टाळी ठरलेली. लहानपणी मीसुद्धा हसले होते.

संहिता वाचताना मात्र मी अडखळले. नाटककाराने आत्याबाईच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे कंसात 'कुत्सितपणे' नाहीतर 'संतापून' लिहिलं होतं. इथे काहीच नव्हतं. मला माझी सख्खी आत्या आठवली. गिरणी बंद पडल्यावर ती घाटकोपरला आमच्याकडे राहायला आली होती. दिवसभर आईला घालूनपाडून बोलायची. एकदा आई चिडून माहेरी निघाली, तर हीच दारात आडवी आली. "जेवल्याशिवाय खंय चललस?" भांडण तिला मिटवता येत नव्हतं, ताट वाढून देता येत होतं.

मी दिग्दर्शकांना म्हटलं, "सर, हा टोमणा नाहीये. ती मनापासून बोलतेय."

"अगं, टाळीचं वाक्य आहे ते! लोक त्यासाठी येतात."

"एकदा करून दाखवते."

तालमीत मी ते साधेपणाने म्हटलं. सुनेचं काम करणारी मुलगी दाराशीच थांबली. "सर, मला जाताच येईना," ती म्हणाली. सरांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. पहिला प्रयोग तुझ्या पद्धतीने. पडला, तर दुसरा माझ्या."

पहिला प्रयोग बोरिवलीला होता. वाक्य आलं. सवयीने कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. सून गेली. नाट्यगृह गप्प. पडदा मात्र पडेना! पडदा ओढणाऱ्याला आम्ही टाळी हीच खूण सांगून ठेवली होती, आणि टाळी आलीच नव्हती. घरातले बाकीचे आधीच आत गेलेले, रंगमंचावर मी एकटी. विंगेतून सर हातवारे करत होते.

मी घाबरले नाही. मला आत्याबाई माहीत होती. भिंतीला टेकवलेला पाट घेतला, मांडला, त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि दाराकडे बघत बसले. तेव्हा कुठे पडदा आला.

सर तरातरा आत आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "ते ताट कायम ठेव."

पण खरा गोंधळ पुढे झाला. तिसऱ्या अंकात निर्दोष ठरलेली सून परत येते आणि आत्याबाई तिची माफी मागते. हा प्रवेश आजवर विनोदी व्हायचा, खलनायिकेची फजिती म्हणून. आता त्यात कुणी हसेना. माझ्या भावाचं काम करणारा नट वैतागला. "यार, तू एक वाक्य बदललंस आणि आमची वाट लावलीस. बहिणीला एवढी माया आहे, तर मी भाऊ सगळा वेळ गप्प का?"

"ते तूच शोध ना," मी म्हटलं.

त्यानेही शोधलं. त्याने रंगवलेला भाऊ पूर्वी नुसता भोळा असायचा, आता तो भित्रा झाला, आणि जास्त खरा वाटू लागला. रविवारच्या तालमींत आम्ही तो अंक उलगडून पुन्हा बसवला. संहितेतला एकही शब्द हलवला नाही.

अंधेरीच्या प्रयोगानंतर एक वयस्कर बाई मेकअप रूममध्ये आल्या. नमस्कार नाही, काही नाही. "तुम्ही चुकीचं केलंत. आत्याबाई दुष्टच आहे. मी लग्नाआधी पाहिलंय हे नाटक."

"काकू, वाक्यं तीच आहेत. मला ती अशी दिसली."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पुढचा प्रयोग कुठे आहे?"

"इथेच, पुढच्या महिन्यात."

"मग मला पुढच्या रांगेतलं तिकीट ठेवा," त्या म्हणाल्या. "मागे नीट ऐकू येत नाही."