टाकीतलं शेवाळ

साठच्या दशकात दातिवरे गावातल्या आमच्या मासेमारीच्या होडीला डिझेल इंजिन बसलं. होडी थोरल्या भावाची, इंजिन माझ्या हाती. पावसाळाभर होडी किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवली होती. नारळी पौर्णिमेनंतर मी डिझेलच्या टाकीचा तळ न तपासताच तिच्यात ताजं डिझेल ओतलं.

पहिल्याच फेरीवरून परतताना खडकांजवळ इंजिन आचके देत बंद पडलं. वारा आम्हाला खडकांकडेच रेटत होता. फिल्टर उघडला, तर आत काळपट, बुळबुळीत शेवाळ. टाकीच्या तळाशी पाणी साचून ते माजलं होतं.

"काय झालं रे?" भाऊ ओरडला.

"टाकी घाण हाय, दादा. मी बघितलीच नाय."

भाऊ नांगराकडे धावला. त्याने नांगर टाकला, पण तो तळाला धरेना. घाईत माझ्या हातून पाना दोनदा निसटला. कसाबसा फिल्टर धुतला, जादा डब्यातलं स्वच्छ डिझेल नळीने थेट इंजिनाला जोडलं, नळीतली हवा काढली आणि हँडल मारलं. चौथ्या खेपेला इंजिन सुरू झालं, तेव्हा खडक इतका जवळ आला होता की त्याला चिकटलेली कालवं मला स्वच्छ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून टाकी खरवडली. भाऊ रागावला नाही. तरी पुढे कित्येक महिने इंजिनाचा आवाज जरा बदलला, की मी आधी फिल्टर उघडून पाही.