सतरा नंबरचं बूच

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, चाळीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होत्या. सासरे रोगी तपासायचे, कागदावर दोन ओळी खरडायचे आणि तो कागद छोट्या खिडकीतून आत सरकवायचे. आत आत्याबाई. रोगी डॉक्टरांना घाबरत नसत, यांना घाबरत. "आधी बाटली विसळून आण, मग औषध माग," असं त्या कुणालाही सुनवायच्या. लग्न का केलं नाही असं विचारलं, तर म्हणायच्या, "करणारच होते गं, पण तेवढ्यात खोकल्याची साथ आली."

सासरे गेले तेव्हा त्यांच्या कागदांत एक ओळ निघाली : घर मुलाला, बाटल्या बहिणीला. बाटल्या म्हणजे दोन लाकडी पेट्या, आत एकेचाळीस काचेच्या बाटल्या. बहुतेक सासऱ्यांच्याही वडिलांच्या वेळच्या. माझे यजमान म्हणाले, "बाबांनी आत्याला भंगारवाल्याची सोय करून ठेवली." ते हसले, मीही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सूनबाई, या बाटल्यांची किंमत करणारं कुणी असतं का गं? विकायच्या नाहीत. भंगार आहे की नाही, एवढंच कळू दे."

शोधून शोधून एक गृहस्थ सापडले. जुनी काच ओळखणं हाच त्यांचा धंदा. आम्ही त्यांना भिंगवाले म्हणत असू. फोनवर त्यांनी बजावलं, "काही धुवू नका. पाण्यानं जुन्या चिठ्ठ्या जातात आणि चिठ्ठी गेली की अर्धी किंमत गेली. कोरड्या फडक्यानं पुसा फक्त." आदल्या दुपारी आत्याबाईंनी न्हाणीघराबाहेर जुनं धोतर अंथरलं आणि बाटल्या पुसायला बसल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू जा. तुझा हात लागला की मोजणी चुकते." स्वयंपाकघरात रोजच्या वापरात असलेली लवंगतेलाची बाटलीसुद्धा त्यांनी मागून नेली. तीही त्याच पिढीतली, बिचारी एकटीच कामाला जुंपलेली.

या लवंगतेलाबद्दल सांगायला हवं. दाढ दुखली की आमच्याकडे कापूस घेत नाहीत. बाटलीच्या काचेच्या बुचाला खाली लांब दांडी आहे, तीच थेट हिरडीला लावायची. आत्याबाईंची शिकवण. "कापूस निम्मं तेल पिऊन बसतो," त्या म्हणत. घरातल्या सगळ्यांनी लहानपणापासून ते बूच चाटलेलं आहे.

भिंगवाले अकराला आले. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक छोटी विजेरी. चहा नको म्हणाले. बाटली उजेडात धरायची, बुडाशी बोट फिरवायचं, मग मानेकडे. आत्याबाई खुर्चीत ताठ बसून होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

"ही बघा," ते मला म्हणाले, "बाजूनं शिवण येते ती गळ्याशी थांबते. म्हणजे अंग साच्यात फुंकलं आणि तोंड नंतर हातानं बसवलं. शिवण ओठावरून पलीकडे गेली असती तर यंत्राची, कालपरवाची."

"कालपरवाची म्हणजे माझ्या वयाची," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमच्याहून थोडी मोठी, बाई."

त्या खुशीत आल्या. आतले बुडबुडे, बुडाची खरखरीत खूण, तिरकी मान असं एकेक दाखवत भिंगवाल्यांनी तीस बाटल्या हातावेगळ्या केल्या. मग सहा कडांची एक हिरवी बाटली उचलली. तिच्या अंगावर उभ्या रेघा होत्या, हाताला टोचतील अशा.

"विषाची," ते म्हणाले. "अंधारात हात पडला तरी कळावं म्हणून या रेघा. अशी अखंड मिळत नाही. आत काय होतं?"

"पाऱ्याचा रसकापूर," आत्याबाई म्हणाल्या. "जंतू मारायला हात धुवायच्या पाण्यात टाकायचो. चिमूटभरही पोटात गेला तर माणूस वाचायचा नाही. ती मी सोडून कुणी उघडत नसे."

भिंगवाल्यांनी बूच काढलं, भिंग लावलं, आणि कपाळाला आठी घातली. "जोडी मोडलीये. ही बुचं एकेका मानेत घासून बसवलेली असतात, म्हणून दोन्हीवर एकच आकडा कोरतात. मानेवर सतरा आहे. बुचावर तेवीस. शिवाय या बुचाला लवंगेचा वास येतोय."

आत्याबाईंनी हात पुढे केला. बूच घेतलं, नखानं आकडा चाचपला, परत चाचपला.

"तेवीस लवंगतेल," त्या म्हणाल्या. "ती बाटली कुठंय?"

पुसून फळीवर परत आलेली ती बाटली मी सकाळी सातला माझ्या लेकीच्या पर्समध्ये घातली होती. तिची अक्कलदाढ सुजली होती आणि शाळेत परीक्षेच्या देखरेखीला जायचंच होतं. दारात उभी राहून मीच म्हणाले होते, दुखायला लागलं की बूच लाव.

"ते सतराचं बूच कसं होतं?" मी विचारलं.

"त्यालाही तशीच दांडी, खाली पांढरं धरलेलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "मी पुसलं नाही. घरातल्या फडक्यानं पुसायचं नसतं ते."

फोन लावला. वाजत राहिला. परीक्षेच्या दिवशी शिक्षकांचे फोन कार्यालयात जमा होतात, हे मला ठाऊक होतं, तरी चार वेळा लावला. शाळेचा फोन कुणी उचलेना. भिंगवाले उठले. "माझी गाडी आहे," एवढंच म्हणाले.

त्यांच्या गाडीत मागे कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांचे खोके होते. प्रत्येक खड्ड्याला त्या किणकिणायच्या आणि दर वेळी माझ्या दातांतून कळ जायची. आत्याबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. "उलटी-बिलटी आपण काढायची नाही," त्या म्हणाल्या. "लावलं असेल तर सरळ इस्पितळात. बाटली आणि बूच बरोबर घ्यायचं, त्यांना दाखवायला." थोड्या वेळानं पुन्हा तेच, शब्दाला शब्द. खिडकीतून कागद सरकवल्यासारखा आवाज. मी हो म्हणत होते. माझ्या डोळ्यांपुढे ती पांढरी दांडी आणि लेकीची हिरडी, याशिवाय काही येत नव्हतं. दहा वर्षांची असल्यापासून ती ते बूच डोळे मिटून लावते.

"एक बाटली, एक बूच," आत्याबाई अचानक म्हणाल्या. "दुसरी उघडायच्या आधी पहिली बंद. चाळीस वर्षं. काल मी सगळी बुचं काढून एका रांगेत मांडली."

"का?"

"शाळा किती लांब आहे अजून?" त्यांनी विचारलं.

शाळेच्या फाटकावरचा माणूस म्हणाला, परीक्षा सुटेपर्यंत कुणालाही सोडायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे. मी समजावू लागले तर तो नुसती मान हलवत राहिला. आत्याबाई गाडीतून उतरल्या, फाटकाचा गज धरला आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, "आत एका बाईच्या पर्समध्ये विष आहे. तुझ्या साहेबांना विचारून ये, तोवर मी इथे उभी आहे. काही झालं तर तुझं नाव मीच सांगेन." माणसानं कुलूप काढलं.

कार्यालयाबाहेरच्या बाकावर आम्ही थांबलो. शिपाई तिला बोलवायला दुसऱ्या मजल्यावर गेला. जिन्यावर पावलं वाजली की मी उठायची, दुसरंच कुणी असायचं. मग ती आली. डावा गाल सुजलेला, तोंडावर रुमाल. मला वाटलं, संपलं सगळं.

"आई? काय झालं? आजी, तू कशी इथे?"

"बूच लावलंस?" मी विचारलं.

"काय?"

"तेल. दाढेला. लावलंस का?"

"नाही गं. इथे सगळ्यांसमोर तोंडात बूच घालून बसू? दुकानातून गोळी आणली." तिनं पर्समधून बाटली काढली. "हे बघ, उघडलीसुद्धा नाही."

मी बाकावर बसले ते बसलेच. आत्याबाईंचा मात्र विश्वास बसेना. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "आ कर. जीभ वर." लेकीनं निमूटपणे तोंड उघडलं. आत्याबाई वाकल्या, आणखी वाकल्या, अगदी नाक नाकाला लागेपर्यंत. मग हळूच सरळ झाल्या.

"सूनबाई, तू बघ," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."

मी पाहिलं. लालबुंद हिरडी, पांढरं कुठेही नाही. पण मी आत्याबाईंकडेच पाहत राहिले. "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. मधोमध धुरकट. कडेकडेनं दिसतं. आकडे बोटानं वाचते मी. काल म्हटलं, सगळी बुचं रांगेत मांडली तर हाताला क्रम लागेल. भंगार नाही म्हणून सिद्ध करायला निघाले होते."

लेकीला काहीच कळत नव्हतं. भिंगवाल्यांनी तिच्या हातून बाटली घेतली, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून गाठ मारली. म्हणाले, रसकापराचं काय करायचं ते सरकारी प्रयोगशाळेत विचारून मी सांगतो, तोवर कुणी हात लावू नका. परतीच्या वाटेवर, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, ते म्हणाले, "बाई, जोडी परत जुळली तर त्या एका हिरव्या बाटलीच्या किमतीत तुमच्या बाकीच्या चाळीस येतील. पेट्या भंगार नाहीत."

आत्याबाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या माझ्याकडे वळल्या. "कागद आहे?"

माझ्याकडे भिंगवाल्यांनी केलेली बाटल्यांची यादी होती. तिची मागची बाजू कोरी होती.

"लिही. या दोन वर्षांत मी कुणाकुणाला काय दिलंय ते. समोरच्यांच्या सुनेला कानाचे थेंब. धोब्याच्या आईला गुडघ्याचं तेल. पलीकडच्या गल्लीतल्या त्या जुळ्यांना पोटदुखीचं." त्या सांगत होत्या, मी लिहीत होते, खोके किणकिणत होते. नऊ नावं झाली. दहाव्याला त्या अडखळल्या. "एक बाई होती. दारात उभी होती. आवाज आठवतो, चेहरा मला दिसलाच नव्हता."

"आठवेल," मी म्हणाले.

"काय दिलं तेही आठवत नाही गं."

घरी आलो तर चपलासुद्धा काढल्या नाहीत. पहिलं घर समोरचंच. मी घंटा दाबली. दार उघडायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.