यादीबाहेरची फाईल

चहा घ्या, पण एक अट आहे. माझं संपेपर्यंत कुणी हसायचं नाही. तुम्हाला आज गंमत वाटेल, पण त्या बुधवारी मला एसीत बसून दरदरून घाम फुटला होता!

राजारामपुरीत आमचं ऑफिस. खाली औषधांचं दुकान, वर शिकवणी आणि मधल्या मजल्यावर आम्ही सहा जण. गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्यानं दूध घातलं की मशीनमधून जी मराठी पावती निघते ना, ती आमची. मालक सर्जेरावदादा. आणि ऑफिसात कॉम्प्युटरमधलं सगळ्यात जास्त कळतं ते मला. म्हणजे, असं माझं मत होतं.

आता माझा नाद सांगतो. कोल्हापुरात कुणाला बुलेटचा नाद, कुणाला कबुतरांचा. मला एडिटरचा. एडिटर म्हणजे आम्ही ज्यात प्रोग्रॅम लिहितो ते. त्याला बारकी बारकी प्लगिन जोडायची. एक रंग देतं, एक चूक दाखवतं, एक अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवतं. बायको म्हणते, "एवढा घराला रंग दिला असतासा तर!"

पण ही प्लगिनं मी हातानं बसवत नाही, बरं का. ते अडाण्याचं काम! माझी पद्धत वेगळी. कॉम्प्युटरवर काय काय पाहिजे याची एक यादी लिहायची. हा एडिटर, ही प्लगिनं, हे फॉन्ट. मग एक हुकूम द्यायचा, की कॉम्प्युटर स्वतःला त्या यादीबरहुकूम घडवून घेतो. यादीत लिहिलं ते येतं, यादीतून खोडलं ते जातं. सहाच्या सहा कॉम्प्युटर एकसारखे! सांगा, आहे का नाही झकास?

"जे यादीत नाही, ते जगात नाही!" हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा ऐकवलं होतं की दादा एकदा वैतागून म्हणाले, "विनायक, तुझ्या लग्नात मंगलाष्टकाच्या जागी हेच म्हटलंतं काय रं?"

तर आमच्यात एक सुषमाक्का आहेत. सुषमा कांबळे, मूळच्या चंदगडच्या. तिकडं बारा वर्षं दूध संस्थेत रजिस्टर लिहायच्या. लेकीच्या कॉलेजसाठी कोल्हापुरात आल्या आणि आमच्याकडं पावत्यांवरचा मराठी मजकूर बघायला लागल्या. शेतकऱ्याला काय कळेल, काय कळणार नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक. पण दोन वर्षं झाली तरी नोकरी कच्चीच. तीन-तीन महिन्यांची मुदत. दादांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, "आक्का, मलकापूरच्या संस्थेचं काम आलं तर तुम्ही कायम. न्हाई आलं, तर मला पुढं जमायचं न्हाई."

आणि त्या बुधवारी मलकापूरचे अध्यक्ष आबा तीन संचालक घेऊन बारा वाजता येणार होते. दाखवायचं होतं सुषमाक्कांनीच. पडद्यावर डावीकडं त्या मजकूर लिहिणार आणि उजवीकडं लगेच पावती उमटणार. हे उमटवणारं प्लगिन मी स्वतः लिहिलं होतं. 'पावती' नावाची नवीकोरी फाईल. आदल्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर तुकड्यातुकड्यानं चालवून बघितलं होतं. आता फक्त यादीत तिचं नाव घालायचं आणि हुकूम द्यायचा. पाच मिनिटांचं काम!

"सर, कालच करून घेऊया की," आक्का आदल्या संध्याकाळी म्हणाल्या होत्या.

"आक्का, पाच मिनिटांच्या कामाला काल कशाला?"

सकाळी साडेनऊला दादांनी आणखी एक काम गळ्यात घातलं. "विनायक, पाव्हण्यांना जेवायला इथंच ताटं मागवायची. खानावळीला नावानिशी यादी पाठीव, म्हंजे कमी-जास्त व्हायला नको. यादीत तू पटाईत." मी खुर्चीत बसल्या बसल्या मान वर केली, एकेकाकडं बघत नावं टाकली, खाली चार पाव्हणे घातले आणि दिली पाठवून. खाली ठसक्यात लिहिलं, 'यादीत नाव नाही त्याला ताट नाही.' दोन मिनिटांत काम फत्ते.

मग बसलो आक्कांच्या खुर्चीत. आणि इथं मला शहाणपण सुचलं.

म्हटलं, जुन्या एडिटरवर नवीन प्लगिन कशाला चढवा? आधी जुना एडिटर यादीतून काढू, मैदान साफ करू, मग नवा घालू. दिला हुकूम. एडिटर गेला. बरं, ही पद्धत इतकी सज्जन की मागची अवस्थाही जपून ठेवते. चुकलं तर एक पाऊल मागं यायचं, सगळं पूर्ववत. पण मी काय केलं? म्हटलं, जुना कचरा हवाय कशाला! कचरा काढायचाही एक हुकूम असतो. तोही दिला. मागं यायची वाट माझ्या हातानं बंद केली.

आक्का शेजारी उभ्या होत्या. "सर, माझं ते लिवायचं दिसंना झालंय."

"आत्ता येईल बघा. नवं, चकचकीत!"

यादीत नवा एडिटर लिहिला, 'पावती' फाईलचं नाव लिहिलं, हुकूम दिला. आणि पडद्यावर लालभडक अक्षरं. 'पावती' फाईल अस्तित्वात नाही!

अस्तित्वात नाही? अहो, समोर दिसतेय की! उघडली, आत माझाच मजकूर. बंद केली. पुन्हा हुकूम. पुन्हा लाल. अस्तित्वात नाही.

नावात चूक असेल म्हणून नाव बदललं. लाल. दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. लाल. आक्कांच्या कॉम्प्युटरलाच काहीतरी झालंय म्हणून तो बंद करून चालू केला. लाल! साडेदहाचे अकरा झाले. तुम्ही सांगा, डोळ्यांना दिसणारी वस्तू जगात नाही म्हणणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

दादा येऊन डोकावले. "झालं का रं?"

"होतंय, दादा."

"होतंय म्हंजे? झालंय का न्हाई?"

"इंटरनेट जरा..." मी म्हटलं. इंटरनेट बिचारं व्यवस्थित चालू होतं.

"माझ्याच कॉम्प्युटरवरनं दाखवू," असं म्हणायलाही तोंड नव्हतं. कारण शहाण्यानं यादी सहाही कॉम्प्युटरांची एकच ठेवली होती, आणि मैदान साफ करायचा नि कचरा काढायचा असे दोन्ही हुकूम सहाही ठिकाणी गेले होते! ऑफिसातले बाकीचे तिघं रिकाम्या पडद्याकडं बघत हाताची घडी घालून बसले होते.

सव्वाअकराला आक्का पुन्हा हळूच म्हणाल्या, "सर, ते तांबडं आलंय त्याच्या खाली..."

आणि मी ओरडलो. "आक्का, तुम्ही फाईल हलवली का? कशाला हात लावलात का? मधे बोलू नका, मला काम करू द्या!"

आक्कांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाईची नोकरी माझ्या बोटांवर टांगलेली, आणि मी तिलाच दम देत होतो! आज सांगतानाही मला लाज वाटते.

पावणेबारा. दादांचा फोन वाजला. "या या आबा! कुठं आलासा? खाली? औषधाच्या दुकानापाशी? व्हय व्हय, तिथंच!" फोनवर हात ठेवून दादा माझ्याकडं वळले. आवाज नाही, नुसते ओठ हलवून जे बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मी दोन्ही हात डोक्याला लावून बसलो. "आक्का, माफ करा. माझ्याच्यानं नाही होत."

आक्का पुढं झाल्या. चष्मा लावला. "सर, मला इंग्रजी तुमच्याएवढं येत न्हाई. पण ते तांबडं जे आलंय, त्याच्या खाली आणखी दोन ओळी हाईत. तुम्ही त्या वाचल्यासा काय?"

वाचल्या नव्हत्या! सकाळपासून एकदाही नाही. लाल दिसलं की मी वाचायचं थांबत होतो.

आक्कांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "ही फाईल नोंदवहीत नाही. दिसायला पाहिजे असेल तर आधी नोंद करा. आणि खाली नोंद करायचा हुकूमसुद्धा दिलाय, सर."

तर त्याचं असं आहे. या सगळ्या याद्या आम्ही गिट नावाच्या एका नोंदवहीत ठेवतो. नवी फाईल केली की त्या वहीला एकदा सांगावं लागतं, बाई गं, ही पण आपल्यातलीच. मी फाईल लिहिली होती, पण नोंदच केली नव्हती. मग ती समोर नाचली तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती नाहीच!

"आमच्या संस्थेत असंच होतं," आक्का म्हणाल्या. "माणूस किटली घिऊन दारात उभा आसंना का. रजिस्टरला सभासद म्हणून नाव न्हाई, तर दूध घेता येत न्हाई. त्याच्या म्हशीचा काय दोष, सर?"

मी नोंद केली. एक ओळ. हुकूम दिला. लाल आलं नाही! पण कचरा काढला होता ना मी? सगळं पुन्हा इंटरनेटवरून उतरायला लागलं. आता खरोखरच इंटरनेटची वेळ आली. दहा टक्के. पंधरा टक्के. जिन्यात चपला वाजल्या.

दादांनी दारातच आबांना धरलं. "आबा, आधी चहा! चहाशिवाय कसं?" मग ऊस, मग पाऊस, मग आबांच्या नातवाचं बारसं. चाळीस टक्के. "दुसरा चहा, आबा?" "आरं, पयलाच संपंना!" सत्तर टक्के. आबा कप ठेवून उठले आणि म्हणाले, "सर्जेराव, चहा पाजायला बोलिवलंयसा का काम दावायला?" नव्वद टक्के. आबांनी आक्कांच्या शेजारची खुर्ची ओढली, बसले, आणि पडद्यावर एडिटर उघडला!

पण सगळं एकत्र चालवून मी कुठं बघितलं होतं!

आक्कांनी पदर सारखा केला. "आबा, गावाला काय सांगायचं ते सांगा."

"लिवा. उद्या गाडी अर्धा तास लवकर येणार, सकाळचं दूध येळंत घाला."

आक्कांची बोटं चालली. आणि उजवीकडं, अक्षराला अक्षर, पावती उमटत गेली. आबांनी चष्मा वर करून वाचली, खाली करून वाचली. मग संचालकांकडं वळले. "आमच्या म्हातारीला बी वाचता यील. सर्जेराव, काम पसंत हाय. पण आमच्या पोरांना शिकवायला ह्याच बाई पायजेत."

"आक्का एक तारखेपासून कायम हाईत आमच्याकडं," दादा म्हणाले. आक्का खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

तेवढ्यात तांबड्या रश्श्याचा वास जिन्यातून वर आला. खानावळीचे मामा स्वतः ताटं घेऊन आले होते. सकाळपासून पोटात कपभर चहा, भूक अशी लागली होती म्हणता! मोठ्या टेबलावर सगळे बसले. मामांनी मोबाईल काढला, नाव वाचायचं आणि ताट ठेवायचं. अध्यक्ष आबा. तीन संचालक. सर्जेरावदादा. सुषमाक्का. बाकीचे तिघं. मी हात धुऊन, बाह्या सारून तयार.

मामांनी मोबाईल खिशात घातला.

"मामा, एक ताट राहिलं," मी म्हटलं.

"न्हाई की. नऊ नावं, नऊ ताटं." त्यांनी मला खालीवर बघितलं. "पावणं, तुम्ही कोन?"

"मी? मी इथलाच!"

"आसाल की. पर यादीत न्हाई तुमचं नाव. आनि खाली लिवलंय, नाव न्हाई त्याला ताट न्हाई." मग मामा दादांकडं वळले. "सायेब, कुठल्या शान्यानं केलीया ही यादी?"

आबांसकट नऊच्या नऊ जण घास हातात धरून माझ्याकडं बघत होते.

आक्कांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं ठेवली. "घ्या सर. नोंद मागनं करू."