पुलावर जाऊ

रविवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तीन जणांची एक गेमिंग टीम सलग तिसरी मॅच हरली. टीममधले दोघे पुलावर गेले आणि मारले गेले. पुलावर जायचा हुकूम कॅप्टनचा होता, असं दोघांचं म्हणणं. आपण नेमकं उलट सांगितलं होतं, असं कॅप्टनचं म्हणणं.

सोमवारी सकाळी कॅप्टन हेडसेट घेऊन धाराशिवमधल्या माझ्या दुकानात आली. तो हेडसेट मीच निवडून दिला होता.

मी ऑडिओच्या वस्तू विकतो आणि दुरुस्त करतो. त्याआधी सोळा वर्षं एका रेडिओ केंद्राच्या बातमी विभागात रेकॉर्डिंगला होतो. कॅप्टनचं नाव वैशाली. वय छत्तीस, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. गळीत हंगाम संपला की तिचे रविवार मोकळे होतात. टीम तिनेच उभी केली. दुसरा खेळाडू तिचा धाकटा भाऊ दत्ता, तेर गावी शिक्षक. तिसरा मल्लिनाथ, तिच्या नवऱ्याचा मित्र, अणदूरला कापडाचं दुकान.

तिघे आपापल्या घरी टीव्हीला कन्सोल जोडून इंटरनेटवरून खेळतात. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. बोलणं सगळं हेडसेटवर: कानाला स्पीकर, तोंडाशी माइक. त्यामुळे हेडसेट निवडताना खेळाडूने कानाइतकंच माइककडेही बघायला हवं. बहुतेक गिऱ्हाईक फक्त कानाचं बघतात. वैशाली माइकचंच विचारत आली होती.

दीड महिन्यापूर्वी ती म्हणाली होती, "काका, माझ्या खोलीत कूलर आहे. त्याचा आवाज टीमला जातो. मल्लिनाथ म्हणतो, वैनी, तुमी पिठाच्या गिरणीतनं खेळता का? कूलर ऐकू जायला नको. बाकी काही अट नाही."

मी तिला दुकानातला सर्वांत भारी वायरलेस हेडसेट दिला. त्यात नॉइज गेट होतं. गेट म्हणजे दारच. माइकमध्ये ठरावीक पातळीपेक्षा मोठा आवाज आला की ते उघडतं आणि आवाज पुढे सोडतं. आवाज त्या पातळीखाली आला की बंद होतं. कूलरची घरघर बोलण्यापेक्षा हळू असते, म्हणून ती दाराबाहेर राहते. गेटला लो, मीडियम, हाय अशा तीन पायऱ्या होत्या. मी हाय लावून दिली.

त्यानंतर कूलरची तक्रार आली नाही.

सोमवारी मी हेडसेट तपासला. माइक ठीक, बॅटरी ठीक. वैशालीला बोलायला सांगितलं. ती माइकसमोर ताठ बसली आणि म्हणाली, "पुलावर जाऊ नको." मी रेकॉर्ड करून ऐकवलं. तीनही शब्द जागेवर होते.

"म्हणजे हेडसेट बरोबर आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

तिने मल्लिनाथला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "दुकानात हाय मी. काकांसमोर सांग, रविवारी काय ऐकलंस?"

"वैनी, तुमी 'पुलावर जाऊ' म्हणलाव. मी गेलो. दत्ताबी आला."

"मी जाऊ नगं म्हणलं होतं!"

"आमी काय कानात कापूस घालून बसतो का? दोघांनीबी तेच ऐकलं. आता पुढच्या रविवारी लीगची शेवटची मॅच हाय. न्हाय जमत तर सोडा कॅप्टनकी. मी बघतो."

"तू दुकानातलं गिऱ्हाईक बघ आधी."

"गिऱ्हाईक माझं ऐकतंय तरी."

तिने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "कॅप्टनकी गेली तर जाऊ दे काका. पण मी बोलले नाही असं म्हणतात, ते नाही चालणार."

मी तिला विचारलं, फोनवर आत्ता काय शब्द वापरला?

"कुठला?"

"नगं."

"मग? घरात तसंच बोलतो आम्ही."

"मघाशी माइकवर नको म्हणालात."

"माइकवर बोलताना नीट बोलायला नको का?"

बुधवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. कूलर चालू केला. तिला नेहमीसारखं खेळायला सांगितलं. तिच्या शेजारी माझा रेकॉर्डर ठेवला. तेरला दत्ताने आपल्या हेडसेटच्या कानाला मोबाइल लावून त्याच वेळचं रेकॉर्डिंग केलं. ते त्याने मला पाठवलं आणि मी दोन्ही एकापाठोपाठ लावली.

माझ्या रेकॉर्डरवर: "पुलावर जाऊ नगं."

दत्ताच्या मोबाइलवर: "पुलावर जाऊ."

खेळताना ती पहिला शब्द ओरडते. दुसरा त्याहून हळू. तिसऱ्याला श्वास संपत आलेला असतो आणि डोळे पडद्यावर असतात. त्यात आपल्याकडचा "नगं" आधीच अर्धा नाकात. तो गेटच्या पातळीखाली जात होता आणि गेट त्याला कूलर समजून बाहेर ठेवत होतं. उरलेल्या दोन शब्दांचं वाक्य मात्र पूर्ण होत होतं. वाक्य अर्धवट वाटलं असतं, तर कुणीतरी "काय म्हणलीस?" असं विचारलं असतं. "पुलावर जाऊ" यात विचारण्यासारखं काही नाही.

बातमी विभागात आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवायचे. बाइट, म्हणजे बोललेल्याचा तुकडा, कापण्याआधी शेवटपर्यंत ऐकायचा, कारण मराठीत नकार शेवटी येतो. आमच्याकडे एकदा एका पुढाऱ्याच्या बाइटचा शेवटचा शब्द कापला गेला होता. दुपारच्या बातम्यांत तो राजीनामा देणार होता. संध्याकाळच्या बातम्यांत देणार नव्हता. सोळा वर्षं मी हे सांभाळलं आणि दुकानात बसल्यावर तोच शब्द कापणारं यंत्र वैशालीला विकलं. तपासलंही दुकानात, शांत खोलीत, तिच्या नीट मराठीत.

मी वैशालीला दोन्ही रेकॉर्डिंग टीमच्या ग्रुपवर टाकायला सांगितली. दत्ताचा लगेच फोन आला. "आक्का, चुकलं माझं. पण खरंच ऐकू न्हाय आलं गं."

मग मल्लिनाथचा आला. म्हणाला, "बरं. यंत्राची चूक. पण रविवारी पुन्हा तुमच्या हुकमानं मेलो तर कॅप्टन मी."

"कबूल," वैशाली म्हणाली.

आता उपाय. गेट मीडियमवर आणलं, तर "नगं"चा फक्त "न" ऐकू येई. लोवर आणलं तर कूलरमुळे दार सतत उघडंच राही. कूलर बंद करायचा तर मे महिना होता. "नको पुलावर जाऊ" असं उलटं बोलून बघा, असं मी सुचवलं. तिने दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा समोरून गोळीबार झाला आणि "नगं" पुन्हा शेवटी गेलं.

शेवटी मी तिला वायरचा, साधा हेडसेट दिला. कॉल सेंटरमध्ये वापरतात तसा. कानापासून तोंडापर्यंत दांडी, दांडीच्या टोकाला माइक, त्यावर स्पंजची टोपी. वायर थेट हातातल्या कंट्रोलरमध्ये. त्याला गेट नाही. माइक ओठांपासून दोन बोटांवर येतो, म्हणून बोलणं मोठं आणि कूलर लांबचा वाटतो. कूलर पूर्ण गळत नाही. शब्दही गळत नाहीत. किंमत आधीच्या हेडसेटपेक्षा कितीतरी कमी; ती सांगताना मला जरा हळू बोलावं लागलं. मी आधीचा परत घेतला.

"हा पहिल्यांदाच का नाही दिला, काका?"

"तुमची अट कूलरची होती, ताई. ती मी पूर्ण केली."

ती हसली नाही.

रविवारी मी तिच्या घरी रेकॉर्डर घेऊन बसलो. तेरला दत्ताने पुन्हा मोबाइल लावला. सुरुवातीलाच मल्लिनाथ म्हणाला, "वैनी, गिरणी परत चालू झाली वाटतं." पहिली वीस मिनिटं टीम पुढे होती.

टीम ती मॅच हरली. मल्लिनाथ पुलावर मारला गेला. त्याच्यामागे जागा मोकळी राहिली आणि समोरची टीम तिथून आत आली. मॅच संपल्यावर मल्लिनाथने कॅप्टनकीचा विषय काढला. दत्ताने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. विषय तिथेच थांबला. वैशाली अजून कॅप्टन आहे.

त्या रेकॉर्डिंगची प्रत माझ्याकडे आहे. मागे कूलरची बारीक घरघर आहे. त्यावर वैशालीचा आवाज: "मल्लू, पुलावर जाऊ नगं." चारही शब्द स्पष्ट आहेत. मग मल्लिनाथचा आवाज: "व्हय वैनी, ऐकलं."

त्यानंतर चार सेकंदांनी मल्लिनाथ पुलावर गेला.