कौटुंबिक दुहेरी

आमच्या दादरच्या जिमखान्यातल्या जुन्या टेनिस स्पर्धेवर ऑनलाइन विश्वकोशात लेख आहे, हे मला गेल्या वर्षी कळलं. मी शोधत होते तिथल्या बॅडमिंटन हॉलच्या बुकिंगचा नंबर, आणि सापडला हा लेख. वर तीन परिच्छेद: कोर्ट मातीचं होतं, स्पर्धा दर हिवाळ्यात व्हायची, पुढे कोर्ट काढून हॉल बांधला आणि स्पर्धा बंद पडली. खाली लांबलचक तक्ता. वर्ष, पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी आणि शेवटच्या रकान्यात कौटुंबिक दुहेरी.

त्या रकान्यात माझं नाव होतं. माझ्या आधी ताईचं, माहेरचं. लगेच खालच्या वर्षी पुन्हा ताईच होती, पण सासरच्या नावाने, शेजारी तिची नणंद. आणि तक्त्याच्या वर कोणीतरी एक वाक्य लिहून ठेवलं होतं: कौटुंबिक दुहेरीत कोणत्याही महिलेला दोनदा विजेतेपद मिळवता आलेलं नाही.

लिहिणाऱ्याची चूक नव्हती. ताईचं लग्न झालं तेव्हा आमच्यासारख्या घरांत मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण पाळण्यातलं नावही बदलायचं. एक अक्षरसुद्धा सारखं उरलं नव्हतं. तक्ता वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका दिसणार, दुसरं काय? तोच तक्ता मग मी वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. पुरुषांच्या रकान्यात तीच ती नावं पाच-सहा वर्षं येतात, मध्ये जातात, परत येतात. बायकांच्या रकान्यात नाव येतं आणि बहुतेक वेळा पुन्हा दिसत नाही. त्यातल्या किती जणी खरोखर खेळायच्या थांबल्या आणि किती जणी फक्त नाव बदलून खालच्या ओळीत आल्या, हे आता कोण सांगणार? ताईचं तरी मला सांगता येत होतं.

मी एका ऑफिसात प्रशासन सांभाळते. सकाळी कामांची यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, आणि चुकीचं वाक्य दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. खातं उघडलं, वाक्य बदललं, कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'या दोन्ही खेळाडू एकच व्यक्ती आहेत. त्या माझ्या थोरल्या बहीण आहेत.' दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर वाक्य परत पहिल्यासारखं. खाली एका स्वयंसेवक संपादकाचा निरोप होता, अगदी सभ्य भाषेत. वैयक्तिक आठवण संदर्भ म्हणून धरता येत नाही, कृपया छापील संदर्भ द्यावा, आणि आपलं स्वतःचं नाव तक्त्यात असल्यामुळे आपण बदल थेट न करता चर्चापानावर सुचवावा.

मला राग यायला हवा होता. पण त्या जागी मी असते तर हेच केलं असतं. मी चर्चापानावर रीतसर लिहिलं की संदर्भ आणते, आणि यादीत नवीन काम टाकलं.

कौटुंबिक दुहेरी हा आमच्या जिमखान्याचा लाडका प्रकार होता. बापलेक, मायलेकी, भाऊ भाऊ, कोणीही जोडी करायची, फक्त दोघं एका कुटुंबातले हवेत. आता कुटुंब कशाला म्हणायचं यावर वाद नको म्हणून सेक्रेटरींनी सोपा नियम केला होता: आडनाव एक हवं. आम्ही दोघी बाबांकडून शिकलो. बाबा माझगावला गोदीत कामाला होते, तिथल्या रिक्रिएशन क्लबच्या कोर्टावर रविवारी सकाळी आम्हाला न्यायचे. सुरुवातीला रॅकेट एकच, लाकडी. एक जण खेळायची, दुसरी चेंडू आणायची. ताई नेटजवळ उभी राहायची आणि पाठीमागे हात धरून मला खूण करायची. मूठ म्हणजे ती जागेवर राहणार. उघडा तळवा म्हणजे ती आडवी जाणार, मी तिची बाजू सांभाळायची. सामन्यात मी समोरच्या खेळाडूंकडे कमी आणि त्या हाताकडेच जास्त बघायचे. जिंकलो त्या वर्षी मी पंधराची होते, ती एकवीसची. कप मिळाला तो आईने स्वयंपाकघरात नेऊन त्यात पळ्या ठेवल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, गिरगावात, फणसवाडीला. पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर गेले. नवरीला सासरी पहिल्या रात्री एकटं वाटू नये म्हणून धाकट्या बहिणीला पाठवतात, ते काम माझं. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, भावजींनी अंगठीने त्यात नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं आणि साखर वाटली. मी साखर हातात घेऊन तशीच बसून राहिले. ज्या नावाने मी ताईला बाहेर सगळीकडे ओळखत होते, ते एका ताटात संपलं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

हिवाळ्यात मी नेहमीसारखा दोघींच्या नावाचा प्रवेशअर्ज भरून नेला. सेक्रेटरींनी तो वाचला आणि हसले. मनाने चांगला माणूस होता.

"अगं बाळ, ती आता तुमच्या घरातली कुठे राहिली? आडनाव बघ ना."

"पण ती माझी बहीण आहे."

"बहीण आहेच गं. कुटुंब वेगळं झालं."

घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, त्यांचं बरोबर आहे. आई मालवणीत म्हणाली, "गो बाय, आता तू दुसरा कोणतरी बघ." बाबांनी गुडघ्यांमुळे खेळणं सोडलं होतं, आणि दुसरं कोणी आमच्या घरात नव्हतं.

ताईने मात्र नणंदेला तयार केलं. ती बॅडमिंटन खेळायची, हात चांगला होता. अंतिम सामन्याला मी पायऱ्यांवर बसले होते, नेमकी कोर्टाच्या मागच्या बाजूला, त्यामुळे ताईची पाठ मला दिसत होती. मूठ. तळवा. मूठ. प्रत्येक खूण मला कळत होती आणि प्रत्येक वेळी माझे पाय हलत होते. जिंकल्यावर ताईने मला हाक मारली, फोटोत ये म्हणाली. मी गेले नाही. त्यानंतर तिला मूल झालं आणि ती पुन्हा खेळली नाही. मी एकेरी खेळले थोडी वर्षं, पण एकेरीत पाठीमागे कोणाचा हात नसतो.

तर आता संदर्भ हवा होता. विजेत्यांचा लाकडी फलक हॉल बांधताना उतरवला गेला होता. वर्तमानपत्रातल्या दोन ओळी मिळाल्या असत्या, तरी त्यांत ती दोन नावं एकाच बाईची असं कुठून येणार? मग कळलं की जिमखाना या वर्षी स्मरणिका काढतोय आणि जुन्या खेळाडूंच्या आठवणी मागवतोय. ताईने स्वतः तिथे लिहिलं तर तो छापील संदर्भ. काम सोपं झालं. रविवारी मी फणसवाडीला गेले. जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झालाय, ताई नवव्या मजल्यावर असते.

दार तिनेच उघडलं. "काय गं, भाजी नाही, मासळी नाही, आज फाइल घेऊन आलीस?"

"तुझी मुलाखत घ्यायची आहे."

"माझी? बस आधी. पंखा लाव."

मी सगळं सांगितलं. तिची सून चहा ठेवायला उठली होती, ती ओट्यापाशीच थांबली. "आई, तुम्ही टेनिस खेळायचात? खरंच?"

"नाही, कोर्टावर झाडू मारायचे," ताई म्हणाली. "खेळायचेच तर. ह्या मावशीला विचार. हिला पळवून पळवून दमवलंय मी."

"आणि दोनदा जिंकलात?"

"दोनदा. पण तिथे लिहिलंय की कोणी जिंकलंच नाही. वाच, वाच, मोबाइलवर दाखव तिला."

सुनेने वाचलं आणि म्हणाली, "पण यात पहिल्या वर्षी कोणीतरी वेगळीच आहे." मग तिच्या लक्षात आलं. सासूचं माहेरचं नाव तिने आजवर ऐकलेलंच नव्हतं.

मला तेच बोलायचं होतं, इतकी वर्षं. मी म्हटलं, "ताई, तुझं नाव बदललं नसतं यांनी तर हा घोळच झाला नसता."

"यांनी म्हणजे?"

"सासरच्यांनी. ते ताट, ते तांदूळ."

ताईने कप खाली ठेवला. "अगं, नाव मी निवडलं होतं."

मला वाटलं ती भावजींची बाजू सांभाळतेय, ते आता नाहीत म्हणून.

"खरंच सांगते. साखरपुडा झाल्यावर हे मला शिवाजी पार्कला घेऊन गेले. कट्ट्यावर बसलो, यांनी शेंगदाणे घेतले. मग विचारलं, नाव काय ठेवायचं? आहे तेच ठेवलंस तरी चालेल, आईला मी सांगतो म्हणाले. मी म्हटलं, नको नको, बदला. पणजीचं नाव होतं ते. शाळेत पोरी मला आजीबाई म्हणायच्या. तुला काय माहीत, तू तेव्हा शेंबूड पुसत होतीस. मला हवं ते नाव मी यांना तिथल्या तिथे सांगितलं. यांनी फक्त तांदळात लिहिलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू त्या दिवशी अशी बसली होतीस, जशी माझी अंत्ययात्राच निघाली आहे. साखरसुद्धा खाल्ली नाहीस. तुला कसं सांगू, की मला फार आनंद झालाय?"

सून हसली. मीही हसले, हसायलाच हवं होतं. पण माझ्या स्वतःच्या लग्नात मी तांदळाचं ताट ठेवू दिलं नव्हतं, सासूबाईंशी वाद घालून. ताईवर जे झालं ते माझ्यावर होऊ देणार नाही, असं म्हणाले होते. माझं नाव आजही तेच आहे. जिची मला इतकी वर्षं आठवण येत होती, ती मुलगी स्वतःच कट्ट्यावर बसून, शेंगदाणे खात, आपलं नाव खाली ठेवून निघून गेली होती. आणि खुशीत गेली होती. आठवण त्याने कमी झाली नाही. फक्त आता कोणावर चिडायचं ते उरलं नाही.

तिने सांगितलं, मी लिहून घेतलं. एक पान झालं. शेवटी ती म्हणाली, "आणि ते मोबाइलवरचं नीट कर. दोन्ही वेळा मीच होते ना? मग वरच्या ओळीतही माझं हेच नाव घाल. ते आजीबाईचं नको."

स्मरणिका दिवाळीनंतर छापून आली. मी पानाचा फोटो आणि तपशील चर्चापानावर दिला. स्वयंसेवकाने संध्याकाळच्या आत चुकीचं वाक्य काढलं, नवीन घातलं: कौटुंबिक दुहेरी दोनदा जिंकणारी एकमेव महिला. खाली संदर्भ. मग त्याने विचारलं, नावाचं काय करायचं? साधारण नियम असा, की खेळाडू ज्या नावाने खेळली ते तक्त्यात ठेवायचं आणि तळटीप द्यायची. पण खेळाडूची स्वतःची इच्छा वेगळी असेल तर अपवाद करता येईल. आपण सांगाल तसं.

मी सांगेन तसं. ते काम माझ्या यादीत बरेच दिवस राहिलं, आणि माझ्या यादीत कामं राहत नाहीत. नियम माझ्या बाजूने होता. मी 'नियमाप्रमाणे ठेवा' एवढं लिहिलं असतं तर त्या ओळीत आम्ही दोघी तशाच राहिलो असतो, एका आडनावाच्या, एका घरातल्या. ताईला कळलंही नसतं, ती काही रोज विश्वकोश उघडत नाही. पण त्या ओळीत जे नाव मला हवं होतं, ते फक्त मला हवं होतं. शेवटी एका सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी लिहिलं, 'खेळाडूच्या इच्छेनुसार दोन्ही ठिकाणी लग्नानंतरचं नाव द्यावं.'

त्याने बदल केला. मी उघडून पाहिलं. ताईचं सासरचं नाव, शेजारी माझं. मला थोडा वेळ लागला, काय वेगळं दिसतंय ते कळायला. पूर्ण रकान्यात दोन आडनावांची जोडी फक्त तेवढी एक आहे. लग्न झालेली ताई आणि मी, एका बाजूला. सेक्रेटरींनी अर्ज परत दिला ती जोडी.

गेल्या आठवड्यात चर्चापानावर कुणा नवीन माणसाने प्रश्न टाकलाय. या ओळीत चूक असावी. नियमाप्रमाणे आडनाव एक लागतं, इथे दोन वेगळी आहेत, मग या दोघी एका कुटुंबातल्या कशा?

मी ताईला फोन लावला. ती कैऱ्या चिरत होती, स्पीकरवर.

"कोण विचारतंय?"

"आहे कोणीतरी. नाव लिहिलेलं नाही."

"मग सांग ना त्याला. इतकं काय?"

"सांगते."

मी लिहिलं, 'ओळ बरोबर आहे. त्या दोघी बहिणी आहेत.' संदर्भाला स्मरणिकेचं पान दिलं.