वरचं काम, खालचं काम

"इसको नीचे के लिए रखा है," सेठजी म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. मॅनेजरसाहेबांकडे बघून.

माझ्या हातात खिचडीची वाटी होती. मॅनेजरसाहेबांनी ती दोन बोटांनी उचलली आणि मोरीत उपडी केली. खाटेवरच्या मास्तरीणबाईंच्या ओठाला थोडी खिचडी लागलेली होती. सरोज भाभींनी पुढं होऊन ती ओल्या फडक्यानं पुसली. मग फडकं उलटं करून पुन्हा पुसली.

दारात पाहुणे उभे होते. सेठजी आश्रमाचे ट्रस्टी, ते त्यांना आश्रम दाखवायला घेऊन आले होते. पाहुण्यांपैकी एका बाईनं पदर नाकाला लावला. खोलीत वास नव्हता. सकाळीच मी फिनाईलनं फरशी पुसली होती. तो पदर कशासाठी होता ते मला कळलं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी आमच्या गावाजवळच्या लालबागमधल्या या वृद्धाश्रमात काम, दुपारी कॉलेज. गावाहून, जसोंडीहून, ऑटोनं यायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा केळीचे घड ट्रकमध्ये भरतात. गावात आमची घरं एका बाजूला आहेत, आणि ती बाजू सांगितली की बाकी काही सांगावं लागत नाही.

आश्रम आधी एकाच समाजाच्या म्हाताऱ्यांसाठी होता. मग तो सगळ्यांसाठी खुला केला. फाटकावर तसं रंगवून घेतलं. कार्यक्रमात सेठजी बोलले, "यहाँ कोई भेद नहीं, सब एक परिवार हैं." आमच्या बाजूच्या मुली कामाला घेतल्या. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेब म्हणाले, "तू खालचं काम बघ." इमारत दोन मजली आहे. मला वाटलं, तळमजला. मी म्हणाले, "बरं झालं सर, जिने चढायला नकोत." सरोज भाभी तोंडावर हात ठेवून हसल्या. "अरी पगली," त्या म्हणाल्या, "मजला नाही. माणसाचं खालचं."

तेव्हा समजलं. भरवणं, गोळ्या देणं, केस विंचरणं, पोथी वाचून दाखवणं हे वरचं काम. ते सरोज भाभी आणि त्यांच्यासारख्या बायका करायच्या. डायपर बदलणं, शौचाचं भांडं धरणं, मागचं पुढचं धुणं, भरलेल्या चादरी काढणं हे खालचं काम. ते आम्ही. माणूस एकच. कमरेपाशी त्याचे दोन भाग केलेले. खालच्या भागाला आमचा हात चालायचा. वरच्या भागाला विटाळ होता. हा शब्द कुणी उच्चारत नसे. वर आणि खाली, एवढंच म्हणत.

मास्तरीणबाई शाळेत शिकवायच्या. लकव्यानं त्यांची एक बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. मी आले त्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "जसोंडीची म्हणजे कोणत्या बाजूची गं?" मी सांगितलं. "हं," म्हणाल्या. नंतर माझ्याकडून इतिहासाचं पुस्तक वाचून घ्यायच्या. उच्चार चुकला की थांबवायच्या. मला त्यांच्याबद्दल माया वाटायची. खोटं कशाला लिहू.

सरोज भाभींना खोल्या पुष्कळ. त्या घाईत चमचा कोंबायच्या. निम्मं अन्न गळ्यावरून ओघळायचं आणि मास्तरीणबाई उपाशी राहायच्या. त्या दिवशी भाभी पाहुण्यांच्या चहात अडकल्या होत्या. खिचडी निवत होती. मास्तरीणबाईंनी चांगल्या हातानं वाटीकडे दाखवलं. "दे गं."

"भाभी येतील."

"तू दे."

मी दिली. थोडी थोडी, चालत्या बाजूनं. त्या गिळत होत्या. तेवढ्यात दारात सेठजी.

वाटी मोरीत गेल्यावर सेठजींनी वाकून विचारलं, "माताजी, आपको मालूम था ये कहाँ की है?"

मास्तरीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "नाही बा," म्हणाल्या. "मला काय माहीत."

मोरीतली खिचडी मी सहन केली असती. पदरही. हे नाही झालं.

मी घरी गेले, जेवले नाही. माय म्हणाली, "मोठी माणसं आहेत, बोलतातच. काम सोडू नको. तुझं कॉलेज आहे." ती चुकीचं बोलत नव्हती. म्हणूनच जास्त राग आला.

सकाळी आश्रमात गेले तर सरोज भाभी दारातच. "चल लवकर, मास्तरीणबाई भिजल्यात. कालचं मनात ठेवू नको. घर की ही बात है."

मी म्हणाले, "जी भरवते तिनंच धुवावं. नाहीतर जी धुते तिला भरवू द्या. मी अर्धा माणूस सांभाळणार नाही."

"आली मोठी वकिलीण," भाभी म्हणाल्या. त्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. तिथूनच परत आल्या.

आतून मास्तरीणबाई हाक मारत होत्या. माझं नाव घेऊन.

मॅनेजरसाहेबांनी सेठजींना फोन केला. परत आले ते आवाज खाली करून. "देख बेटा, सेठजी मोठ्या मनाचे आहेत. तूच भरव. फक्त दार लावून घे. कुणाला दिसलं नाही म्हणजे झालं."

क्षणभर मला ते बरं वाटलं. हेही खरं लिहिते. मास्तरीणबाई जेवल्या असत्या, माझं काम राहिलं असतं.

"दार उघडं राहील," मी म्हणाले.

"मग खालचंच कर."

"तेही नाही."

"म्हातारी ओल्यात पडली आहे," ते म्हणाले. "तुझ्या मनाला काहीच वाटत नाही?"

वाटत होतं. पण हा प्रश्न ते सरोज भाभींना विचारत नव्हते. स्वतःलाही विचारत नव्हते. मला एकटीलाच विचारत होते, कारण मी विरघळेन याची त्यांना खात्री होती.

मी ॲप्रन खुर्चीवर ठेवला आणि फाटकाबाहेर आले. हाक रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

त्यांना नंतर कुणी धुतलं, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही. त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटतं, आणि ते वाटणं मी दाबत नाही. पण माझ्या आईच्या, आजीच्या अशाच वाईट वाटण्यावर या लोकांची घरं स्वच्छ राहिली. माझं वाईट वाटणं माझ्यापाशी राहील. त्याच्या जोरावर मला वाकवून कुणी पुन्हा काम करून घेणार नाही.