जिन्यावरची मोट

माझ्या साळ्याएवढं डोकं साऱ्या किन्हीराजात कोणाला नव्हतं, आणि ते डोकं ठिकाणावर आहे असं म्हणणारा माणूसही मला भेटला नाही. सरळ काम त्याला करताच येत नसे. एका उन्हाळ्यात त्यानं म्हशीच्या शेपटीला दोरी बांधून घरातला झालरीचा पंखा हलवला. म्हशीवर माश्या बसल्या की घरात वारा, उठल्या की बंद. पाहुणा घामाघूम झाला की हा म्हणायचा, "जरा दम धरा, माश्या येऊन राह्यल्या." आमच्या घरी आला की कोळशानं भिंतीवर चाकं काढायचा, आणि माझी बायको, त्याची मोठी बहीण, ती चाकं कोणाला पुसू द्यायची नाही.

मेडशीतल्या आमच्या माडीच्या खिडकीतून किन्हीराजाची वाट दिसते. तिथं बसून ती डाळ निवडायची, आणि भाऊ येताना दिसला की चहा ठेवायला खाली उतरायची. मग गुडघे धरले. दोन वर्षं खालच्या खाटेवर. उचलून न्यावं हे माझ्या मनात आलं होतं, पण नवऱ्यानं बायकोला उचललेलं आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी ती भावाला म्हणाली, "मले एकडाव त्या खिडकीत बसव रे."

त्यानं तीन दिवस नुसतं आसन निवडलं. डालं झालं, पाळणा झाला, अखेर पाय कापलेली खुर्ची ठरली. पायऱ्यांवर दोन सागाच्या बल्ल्या टाकल्या, त्यांना एरंडीचं तेल चोपडलं, वरच्या आढ्याला मोटेचं चाक टांगलं आणि दोर खिडकीतून अंगणात, माझ्या मोटेच्या बैलाला. बैल चालला. बायको खुर्चीसकट वर गेली. वर पोचली न पोचली तोच बैल थांबला आणि सवयीप्रमाणं मागं सरकू लागला. वर आलेली मोट रिकामी झाली, आता खाली सोडायची, एवढंच त्याला जन्मभर ठाऊक. तीनदा ती वर गेली, तीनदा पाय टेकायच्या आत खाली आली. पदर तोंडाला लावून हसत होती.

अंगणात सारा गाव. कोणीतरी म्हणालं, "का रे, बायको उपसून राह्यला का?"

माझं डोकं फिरलं. खुर्ची खाली टेकलेली पाहून मी विळ्यानं दोर कापला.

साळा एवढंच बोलला, "भाऊजी, बैलाले आठ दिवस द्या. शिकंल तो."

"कायले? आनखी तमाशा कराले?"

ती रात्री म्हणाली, "लोक हासले त हासले. मीबी हासलेच ना." पुन्हा माडीचं नाव तिनं काढलं नाही. वर्षभरानं त्याच खाटेवर गेली.

तेराव्याला साळा माझ्याजवळ बसला. बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "माह्या बैलाले शिकवलं होतं, भाऊजी. आमच्या बाईच्या वजनाचं पोतं बांधून. आता 'सोड' म्हनेपर्यंत हालत नाही." मला विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती, आणि ती हिंमत मीच कापली होती.

तो अजून येतो. माझे गुडघे शाबूत आहेत, म्हणून संध्याकाळी मीच त्या खिडकीत बसतो. तो वाटेवर दिसला की खाली उतरतो आणि रिकाम्या खाटेला सांगतो, "तुहा भाऊ येऊन राह्यला." ती होती तेव्हा एवढं सांगायला मला कोणत्या बैलाची गरज नव्हती.